आश्रम, अवस्था आणि आमची आत्मकथने

१

दलित आत्मकथनांवर जे आक्षेप घेतले गेले त्यांपैकी भाषेच्या, अश्लीलतेच्या आणि एकसुरीपणाच्या आक्षेपांना आपल्या समीक्षकांनी वेळोवेळी उत्तरे दिली. एक आक्षेप मात्र थट्टेवारी नेला गेला. तो वयाचा. आत्मचरित्र ही उतारवयात लिहावयाची गोष्ट. कर्तृत्व झाले, संसार झाला, नातवंडे अंगणात खेळू लागली की माणसाने मागे वळून पाहावे, असा संकेत. या मंडळींनी मात्र भर तारुण्यात आयुष्य लिहून टाकले, आता पुढे काय लिहिणार, असे तेव्हा विचारले गेले आणि अजूनही विचारले जाते. दया पवारांचा जन्म १९३५चा, 'बलुतं' १९७८चे. लक्ष्मण माने १९४९चे, 'उपरा' १९८०चे. शरणकुमार लिंबाळे १९५६चे, 'अक्करमाशी' १९८४चे. आकडे खरेच आहेत. प्रश्न आकड्यांचा नाही, त्यांच्याकडून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा आहे.

या आक्षेपामागे एक गृहीतकृत्य दडलेले आहे. माणसाचे आयुष्य म्हणजे एक जिना; बालपण, तारुण्य, प्रौढपण, वार्धक्य या त्याच्या पायऱ्या; आणि प्रत्येक माणूस क्रमाने एकेक पायरी चढत वर जातो, असे हे गृहीतकृत्य आहे. ते निसर्गाचे म्हणून सांगितले जाते. दात येतात, मिसरूड फुटते, केस पिकतात हे निसर्गाचे खरे. पण दात येणाऱ्या पोराच्या तोंडात काय पडते, मिसरूड फुटलेल्या पोराच्या हाती पुस्तक येते की पाटी-फावडे, आणि केस पिकायला माणूस मुळात शिल्लक राहतो की नाही, हे निसर्ग ठरवीत नाही. समाज ठरवतो. आपल्याकडे ते जात ठरवते. दलित आत्मकथने ही या विधानाची सर्वांत विस्तृत साक्ष आहे, आणि तशी ती वाचली गेली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. तसे वाचताना आपल्याच वाङ्मयातील एक उणीवही दिसू लागते. तिच्याविषयी शेवटी लिहिणार आहे.

२

आयुष्याचे दोन जिने आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात. एक जुना, आश्रमव्यवस्थेचा : ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. दुसरा नवा, अध्यापक महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या पुस्तकांतला : एरिक एरिक्सन यांच्या आठ अवस्था. तान्हेपणी विश्वास की अविश्वास, शाळकरी वयात उद्यमशीलता की न्यूनगंड, किशोरवयात स्वतःची ओळख की भूमिकांचा गोंधळ, आणि शेवटी वार्धक्यात जगल्याचे समाधान की वैफल्य. प्रत्येक अवस्थेत एक पेच आणि तो सुटला की पुढची पायरी, अशी ही रचना.

या दोन जिन्यांची सांगड घालण्याचे कामही झाले आहे. सुधीर कक्कर यांनी १९६८ साली एका निबंधात आश्रमधर्म आणि एरिक्सन यांच्या अवस्था शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातील साम्य दाखवले, आणि १९७८ साली आलेल्या 'द इनर वर्ल्ड' या ग्रंथात भारतीय बालपणाची आपली मांडणी विस्ताराने केली. दीर्घकाळ आईच्या कुशीत वाढलेले मूल, आणि मग पाच-सहा वर्षांचे झाल्यावर पुरुषांच्या जगात ज्याचा जणू दुसरा जन्म होतो असा मुलगा, हे त्या मांडणीच्या केंद्रस्थानी आहे. योगायोग असा की 'बलुतं' त्याच वर्षीचे. एकाच वर्षी भारतीय बालपणाची दोन वर्णने छापली गेली. एकात मूल आईपासून उशिरा तुटते. दुसऱ्यात मूल गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांच्यात फेकले जाते, आणि इतके दुभंगते की ते पुस्तकच दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन रूपांतील संवादाच्या आकारात लिहावे लागते. ज्या आईला पहाटे दुसऱ्याच्या शेतावर किंवा मुंबईच्या रस्त्यावर पोटामागे जावे लागते तिच्या कुशीचा काळ किती, हा प्रश्न पहिल्या मांडणीला पडत नाही.

एरिक्सन यांच्यावर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. १९५० सालच्या त्यांच्या 'चाइल्डहूड अँड सोसायटी' या ग्रंथाच्या नावातच समाज आहे. अमेरिकेतील सू आणि युरोक या मूळनिवासी जमातींमध्ये जाऊन त्यांनी मुले वाढवण्याच्या रीती पाहिल्या. गोऱ्यांनी जीवनाधार काढून घेतलेल्या जमातीतील मूल सरकारी शाळेत का कोमेजते, हे त्यांनी लिहिले. पण आपल्याकडे आले ते त्यांचे कोष्टक. आठ रकाने, आठ वयोगट, परीक्षेत दहा गुण. समाज गळाला आणि जिना उरला. पाठ्यपुस्तकाच्या या हातचलाखीवर माझा आक्षेप आहे. कारण उद्याचे शिक्षक हे कोष्टक पाठ करून आमच्या वस्तीतल्या शाळांत जातात, आणि तिथले मूल कोष्टकात बसले नाही की मुलालाच मागासलेले ठरवतात.

जुन्या जिन्याबाबत तर इतकाही संशयाचा फायदा देता येत नाही. मनुस्मृतीने उपनयनाचे वय ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे आणि वैश्याला बारावे सांगितले. शूद्राला सांगितलेच नाही. स्त्रीला विवाह हाच उपनयनाच्या जागी, आणि पतिसेवा हाच गुरुगृहीचा वास, असे ठरवून दिले. म्हणजे पहिली पायरीच कापून टाकली. पहिला आश्रम नाही त्याला पुढचे आश्रम कोठून असणार? अस्पृश्यांची तर या चौकटीत गणतीच नव्हती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला तेव्हा पाण्याच्या आणि मंदिराच्या हक्काबरोबरच आयुष्याच्या वाटणीचा हा कायदाही जाळला गेला, असे मी मानते.

३

आता आत्मकथनांकडे वळू. त्यांत बालपण आहे, भरपूर आहे. पण ते कोणत्या प्रकारचे बालपण आहे? 'आठवणींचे पक्षी'मधला मुलगा लहानपणीच आईबाप गमावतो आणि बहिणीच्या दारात अन्नाला महाग होऊन वाढतो. 'उपरा'मधला मुलगा गाढवांच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव हिंडतो. त्याचा बाप हट्टाने त्याला शाळेत घालतो खरा, पण शाळा एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात. 'अक्करमाशी'मध्ये भूक ही प्रसंग म्हणून येत नाही, हवेसारखी सर्वत्र आहे. आणि शाळेच्या वहीत बापाच्या जागी काय लिहायचे, हा त्या मुलाचा पहिला तात्त्विक प्रश्न आहे. शाळकरी वयाचा पेच उद्यमशीलता की न्यूनगंड, असे कोष्टक सांगते. येथे उद्यम आधीच भरपूर आहे. ढोरे राखणे, सरपण आणणे, शेण गोळा करणे, धाकटी भावंडे सांभाळणे. न्यूनगंड मुलाच्या मनात उत्पन्न होत नाही; तो शाळेच्या दारात, पाण्याच्या माठापाशी, बसायच्या जागेपाशी त्याच्या हाती दिला जातो. वैद्याने रोगाचे कारण रोग्याच्या प्रकृतीत शोधावे आणि विहिरीत विष कालवणाऱ्याला मोकळे सोडावे, तसा हा प्रकार होईल.

आणि वय मोजायचे तरी कशाने? आमच्यातील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराकडे पाहिले, अंदाज बांधला आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. आईला विचारले तर ती पटकीच्या साथीच्या साली, दुष्काळाच्या साली, अमक्याचा वाडा जळाला त्या साली, असे सांगायची. त्या आईला वर्ष ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. तिची कालगणना संकटांची होती, आणि विज्ञानाच्या दृष्टीने तीच अधिक नेमकी होती.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९७४ साली महामंदीत वाढलेल्या ओकलंडच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या त्यांच्या कामात असे दिसले की मंदी आली तेव्हा जी मुले थोडी मोठी, हातभार लावण्याजोगी होती, ती त्यातून बऱ्यापैकी सावरली. जी अगदी लहान होती त्यांच्यावर घाव खोल गेला. आपत्ती एकच, पण ती कोणत्या वयात गाठते यावर आयुष्याचे वळण ठरते. आपल्याकडे १९७२चा दुष्काळ घ्या. खडी फोडायला गेलेला विशीचा तरुण, त्याच कामावर पोटुशी असताना पाटी उचलणारी बाई, आणि सुकडीवर व लाल मिलोवर वाढलेले दोन वर्षांचे पोर या तिघांचा दुष्काळ एकच नव्हता. तरुणाच्या लेखी ती आठवण आहे. त्या पोराच्या बाबतीत तो दुष्काळ हाडामांसाचा भाग झाला असण्याचा संभव आहे. ते पोर आज पन्नाशी ओलांडून गेले आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यात साखरेच्या गोळ्यांसाठी रांगेत उभे आहे.

४

तारुण्याविषयी एरिक्सन यांची एक कल्पना मला मोलाची वाटते. ओळख शोधण्यासाठी समाज तरुणाला काही काळ जबाबदारीतून सूट देतो, चुका करायला, भटकायला, वाद घालायला मुभा देतो, असे ते म्हणतात. ही मुदत कोणाला मिळते, हा आमचा प्रश्न. कोण्या सधन घरातील मुलगा महाविद्यालयात दोन वर्षे वाया घालवतो तेव्हा तो स्वतःला शोधत असतो. आमचा मुलगा एक वर्ष नापास झाला तर त्याची शिष्यवृत्ती जाते, आणि मुलगी नापास झाली तर तिचे लग्न ठरते.

तरीही आमच्या समाजाला ही मुदत एकदा मिळाली. ती आईबापांकडे नव्हती, म्हणून संस्थांनी दिली. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला काढलेले महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, आणि ठिकठिकाणची वसतिगृहे, बोर्डिंगे. दोन वेळचे जेवण, एक कंदील वा दिवा, चार मित्र आणि रात्रभर चालणारे वाद. आमचे तारुण्य या इमारतींत जन्मले. त्याआधी आमच्यात पोर होते आणि बाप्या होता. मधला तरुण नव्हता. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ जेमतेम तेवीस वर्षांचे होते. ज्याला मानसशास्त्र ओळखीचा पेच म्हणते तो पेच या पिढीने एकेकट्याने सोडवला नाही. 'मी कोण' हा प्रश्न तिने 'आम्ही कोण' असा विचारला, आणि उत्तर कवितेत, मोर्च्यात व पुस्तकात दिले. आत्मकथने तिशीत का लिहिली गेली, याचे उत्तर येथे आहे. ती म्हातारपणीची मागे वळून पाहणी नव्हे. तो ओळख मिळवण्याच्या अवस्थेतला पवित्रा आहे. ज्याची ओळख जन्माआधीच दुसऱ्याने लिहून ठेवली आहे त्याला ती खोडून स्वतःची लिहिण्यासाठी साठीपर्यंत थांबता येत नाही.

म्हणूनच वसतिगृह ही आमच्या दृष्टीने केवळ राहण्याची सोय नाही. रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला आयुष्य संपवले, तेव्हा शिष्यवृत्तीची रक्कम अडकलेली होती आणि वसतिगृहातून त्याला बाहेर काढलेले होते. तरुणपणाची मुदत मध्येच परत घेतली तर काय होते, हे त्या घटनेने सांगितले. शिष्यवृत्ती सहा महिने उशिरा आली तर काय बिघडले, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

५

आतापर्यंत मी ज्या पुस्तकांचा आधार घेतला ती पुरुषांची आहेत. त्यांत आई आहे. कष्टाळू, सोशिक, पोरासाठी उपाशी राहणारी. तिच्याविषयी कृतज्ञता ओतप्रोत आहे. पण त्या आईचे शरीर नाही. ती कितव्या वर्षी लग्न करून आली, कितव्या वर्षी बाळंत झाली, तिची किती मुले गेली, तिच्या पाठीत आणि ओटीपोटात काय दुखत होते, हे मुलाच्या नजरेला दिसले नाही. ते बायकांनी लिहिले तेव्हा कळले.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने. सुमारे वीस वर्षे ते लेखन त्यांनी घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. आपण ते जातीच्या दुःखाचे पुस्तक म्हणून वाचतो. मी ते शिकवते तेव्हा ते आरोग्याचे पुस्तक म्हणूनही वाचायला सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने, अजून अंग न भरलेल्या पोरींची बाळंतपणे, अडलेल्या बाईभोवती जमलेल्या अडाणी सुइणी, बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात दाणा नसणे आणि तिने फडक्याने पोट आवळून पडून राहणे, हे सारे त्यांनी कोणत्याही सामाजिक पाहणीपेक्षा अधिक तपशिलाने नोंदवले. ब्रह्मचर्य नाही, किशोरवय नाही; परकर आणि पाळणा यांच्यामध्ये एकही पायरी नाही. अंगात येणे, देवाला सोडणे यांचेही त्यांनी जे वर्णन केले त्यात नुसती अंधश्रद्धा पाहू नये. ज्या बाईला वर्षभर कोणी ऐकत नाही तिचे चार लोकांनी ऐकून घ्यावे असा तो एकच दिवस होता.

आता याच्या शेजारी शास्त्र ठेवू. इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी ऑस्मंड यांनी १९८६ साली दाखवले की ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात बालमृत्यू अधिक होते, त्याच भागांत १९६८ ते १९७८ या काळात हृदयविकाराने अधिक माणसे मेली. श्रीमंतीचा म्हणून ओळखला जाणारा रोग गरिबीत जन्मलेल्यांना गाठत होता. गर्भातील आणि तान्हेपणीची उपासमार शरीर विसरत नाही, हा विचार त्यातून पुढे आला. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आत होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोंच्या आसपास. पण नुसते वजनच कमी नव्हते. स्नायू कमी, इंद्रिये लहान, आणि त्या मानाने चरबी मात्र टिकवून धरलेली, असे ते बाळ होते. बारीक दिसणारे पण आतून चरबी राखणारे हे शरीर पुढे थोडे अधिक खाणे मिळताच मधुमेहाकडे झुकते. याच अभ्यासातून २००३ साली असेही मांडले गेले की गरोदरपणात शेतात आणि घरात जी बाई जास्त राबते तिचे बाळ लहान जन्मते. पाटी उचलणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, मोळी आणणाऱ्या आईची गोष्ट आमच्या प्रत्येक आत्मकथनात आहे. मुलाने ती ऋण म्हणून लिहिली. शास्त्र सांगते की त्या मोळीचे ओझे त्याच्या स्वतःच्या काळजा-मूत्रपिंडावरही उतरलेले असू शकते.

हे जुन्या काळचे झाले, असे कोणी म्हणेल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर बायकांचा प्रश्न पुढे आल्यावर शासनाने २०१९ साली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली; त्यांतल्या बहुसंख्य अजून चाळिशीच्या आसपास वा त्याच्याही आतल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. एक दिवस काम चुकले की खाडा. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी. अंगावरचे दुखणे अंगावर काढायचे, आणि असह्य झाले की डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका. पस्तिशीतच पाळी जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि बाई म्हातारपणात ढकलली जाते. त्या बायकांत दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, वंजारी आहेत. अवस्था निसर्गाने बदलते असे सांगणाऱ्या पुस्तकाने या १३ हजार जणींना कोणत्या रकान्यात बसवावे?

६

आता त्या उणिवेकडे येते. आमच्या वाङ्मयात म्हातारपण कोठे आहे? ते आहे, पण नातवाच्या नजरेतून. 'अक्करमाशी'तील संतामाय आठवा. ती विसरता येत नाही. पण तिच्या मनात शिरून कोणी लिहिलेले नाही. बहुतेक आत्मकथने नायक शिकतो, नोकरीला लागतो, गाव सोडतो तेथवर येतात आणि थांबतात. जणू नोकरीच्या हुकमाबरोबर जातही संपली आणि शरीरही बरे झाले. पुढची पंचवीस वर्षे, कचेरीतले टोमणे, रक्तदाब, गावाकडच्या भावंडांचे ओझे, निवृत्तीनंतरचे एकटेपण, हे फार थोड्यांनी लिहिले. उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३चे. त्यात लग्नानंतरचे शिक्षण, नवऱ्याशी होणारा झगडा, तरुण मुलाचा मृत्यू असा मध्यवयाचा प्रदेश येतो, म्हणून ते मला वेगळे आणि महत्त्वाचे वाटते. येथेही वाट बाईने पाडली.

या मौनाचे एक कारण वाङ्मयीन आहे. 'बलुतं'ने घालून दिलेला आकार आपण साचा करून टाकला, आणि दुःखभोगातून शिक्षणाकडे जाणारी कथा प्रकाशकांना आणि पांढरपेशा वाचकांनाही सोयीची वाटली. शिकला, सुटला, असे म्हणून पुस्तक मिटता येते. दुसरे कारण मात्र स्मशानातले आहे. म्हातारपण लिहायला म्हातारे व्हावे लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांच्या अभ्यासात नऊ राज्यांची पाहणी आहे. त्यांत महाराष्ट्र नाही. ती मुख्यतः उत्तर आणि पूर्व भारतातील राज्ये आहेत. तेथे उच्चवर्णीय हिंदूंच्या मानाने दलितांचे अपेक्षित आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. आणखी महत्त्वाचे असे की आर्थिक स्थितीतील फरक जमेस धरला तरी ही तफावत निम्म्यानेही भरून निघाली नाही. गरिबी घालवा, जात आपोआप जाईल, असे जे आमचे काही मार्क्सवादी मित्र सांगत आले त्यांनी या आकड्याचा विचार करावा. आणि जात हा फक्त प्रतिष्ठेचा, मानसन्मानाचा प्रश्न आहे असे जे आमच्यातले काही जण समजतात त्यांनीही करावा. जात श्वासांची संख्या कमी करते.

७

येथे एक धोका सांगितला पाहिजे. आईच्या गर्भातच पुढचे रोग ठरतात, हे शास्त्राचे म्हणणे आपल्या देशात कोणत्या कानांवर पडणार आहे? ज्या कानांना पूर्वसंचित, प्रारब्ध, कर्मविपाक या शब्दांची सवय आहे त्या कानांवर. उद्या कोणी म्हणेल, यांची शरीरेच तशी; शाळा, शिष्यवृत्ती देऊन काय उपयोग? किंवा म्हणेल, आईनेच नीट खाल्ले नाही. कर्मसिद्धान्ताने दोष मागच्या जन्मावर टाकला. हा नवा सिद्धान्त तो आईच्या पोटावर टाकील. आपण याला आधीच आडवे गेले पाहिजे, आणि त्यासाठीचे हत्यारही शास्त्रातच आहे. शाळेत शिजवलेले जेवण मिळालेल्या मुली पुढे आया झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांची उंची सुधारलेली दिसली, असे २०२१ साली भारतातील पाहण्यांच्या आधारे मांडले गेले. शाळेतल्या खिचडीचे ताट एका पिढीत वाढले आणि दुसऱ्या पिढीच्या अंगी लागले. उपासमार वारशाने येत असेल तर अन्नही वारशाने जाते. यात प्रारब्ध कोठेच नाही. आहे ती वाटणी.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणाआधी आणि नंतर कामगार स्त्रीला मिळणारी विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले, आणि तिचा खर्च सरकारने व जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवतो त्यानेही उचलावा, अशी भूमिका घेतली. १९२९ साली तो कायदा झाला. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याच विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. महाडनंतर दहा-अकरा वर्षांच्या आतल्या या गोष्टी आहेत. आपण १९२७ साजरे करतो. १९२८ आणि १९३८ आपल्या लक्षात राहत नाहीत. पाण्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि गरोदर बाईच्या विश्रांतीचा हक्क त्यांच्या लेखी एकाच मागणीच्या तीन कडा होत्या : माणसाला त्याचे पूर्ण आयुष्य मिळाले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांपुढे तीन गोष्टी ठेवते. आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांच्या बरोबरीने ऊसफडावरच्या गरोदर बाईची पगारी रजा, अंगणवाडी आणि आश्रमशाळेतल्या मुलीचे जेवण या मागण्या पहिल्या पानावर आल्या पाहिजेत. अध्यापक महाविद्यालयांत एरिक्सन शिकवताना त्याच तासाला 'जिणं आमुचं' आणि 'उपरा' शिकवले पाहिजे. वाङ्मय म्हणून नव्हे, मानवी विकासाचे मूलग्रंथ म्हणून. आणि आपल्या तरुण लेखकांनी स्वतःचे बालपण लिहिण्याआधी एकदा आपल्या आईला तिचे वय विचारावे. तिला वर्ष सांगता येणार नाही कदाचित. तिचे पहिले बाळंतपण, गेलेली मुले, दुष्काळ, दुखणी, ऑपरेशने या क्रमाने ती सांगेल. तो क्रम तसाच उतरवून घ्यावा. त्यातून निघणारा ग्रंथ आत्मकथन ठरेल की वैद्यकाची नोंद, याची चिंता समीक्षकांवर सोडावी.